सह्याद्री केव्हा थंड झाला : काणकोण ते चोर्ला

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून, थरावर थर चढून उभा राहिला. सह्याद्रीची गोष्ट वेगळी आहे. गोव्यातून पूर्वेकडे पाहिले की क्षितिजावर जी डोंगरांची भिंत दिसते, ती वास्तविक दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. घाट चढून गेल्यावर पलीकडे तितकाच उतार लागत नाही, पठारच सुरू होते. ही कड केव्हा तयार झाली, ती पूर्वी किनाऱ्याच्या अधिक जवळ होती का, आणि तिच्यावरून व तिच्या पायथ्यावरून किती जाडीचा खडक झिजून समुद्रात गेला, या प्रश्नांना नुसत्या निरीक्षणाने उत्तर मिळत नाही. झिजून गेलेला खडक आता पाहायला उरलेला नसतो. परंतु जो खडक आज उघडा पडला आहे, तो कधीकाळी खोल आणि म्हणून गरम होता, आणि वरचे ओझे उतरत गेले तसतसा तो थंड होत गेला. या थंड होण्याच्या वेळा त्यातील काही खनिजांत नोंदल्या जातात. त्या नोंदी मिळवण्यासाठी लागणारे दगड गोळा करायला, पावसाळ्यानंतर ओढे आटलेले असताना, फेब्रुवारीत मी आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींना घेऊन फोंड्याहून निघालो.

सोमवार : काणकोण

सुरुवात समुद्रसपाटीपासून करायची, हे आधीच ठरले होते. मडगाव सोडून करमल घाट उतरलो की काणकोण तालुका लागतो आणि तिथे सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ येतो की किनारपट्टी म्हणावी अशी जमीन फारशी उरतच नाही. पाळोळ्याच्या किनाऱ्याच्या टोकांना जे गोलसर कातळ पाण्यात उतरलेले दिसतात, ते काणकोण ग्रॅनाइटचे. त्यातील गुलाबी फेल्डस्पारचे स्फटिक अंगठ्याएवढे मोठे आहेत. ओल्या कातळावर ऊन पडले की त्यांच्या सपाट बाजू चमकतात आणि भिंगाशिवायही त्यांची कड बोटाने चाचपता येते. त्यांच्यामधून बायोटाइट अभ्रकाच्या काळ्या पापुद्र्यांची दाटी आहे. आम्हाला हवे असलेले खनिज मात्र डोळ्यांना दिसत नाही. ॲपेटाइटचे कण केसाच्या जाडीएवढे किंवा थोडे मोठे असतात आणि बहुधा त्या अभ्रकाच्या आसपासच दडलेले असतात.

किनाऱ्यावरचाच कातळ निवडण्याचे कारण केवळ उंची नव्हे. गोव्यात ताजा खडक मिळणे हीच पहिली अडचण आहे. इथे पावसाने आणि उष्णतेने खडक कित्येक मीटर खोलीपर्यंत कुजलेला असतो, वर जांभ्याचे कवच असते आणि त्याखाली पांढरट-पिवळी माती. ज्या चिऱ्यांनी आपली घरे बांधली आहेत, तो जांभा म्हणजे मूळ खडकातील बहुतेक सर्व धुऊन गेल्यावर उरलेले लोह आणि ॲल्युमिनियम. ॲपेटाइट हे फॉस्फेटचे खनिज असल्यामुळे आम्लधर्मी मातीतल्या पाण्यात ते लवकर विरघळते. कुजलेल्या दगडातून झिरकॉनसारखे टिकाऊ खनिज मिळेल, पण ॲपेटाइट मिळण्याची आशा धरू नये. किनाऱ्यावर लाटांनी कुजकी साल काढून टाकलेली असते. तरीही घणाचे घाव घालून बाहेरचा तळहाताएवढा थर आम्ही टाकून दिला आणि आतला, ठणकन वाजणारा दगड घेतला. नमुना चार-पाच किलोंचा लागतो. जागेवरून सुटून आलेला गोटा चालत नाही, कारण त्याची मूळ उंची कोणती हे कोणी सांगू शकत नाही.

दुपारी सुरूच्या सावलीत पिशव्यांवर क्रमांक घालताना विद्यार्थिनींशी मूळ तत्त्वाची उजळणी झाली. या ग्रॅनाइटचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे सांगितले जाते, मग आपण नव्याने काय मोजणार आहोत, हा त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. तळाला भोक असलेल्या हंड्यात नळ सोडला तर पाणी येते तितके गळून जाते आणि हंडा रिकामाच राहतो. भोक बुजले की त्या क्षणापासून पाणी साठू लागते, आणि साठलेल्या पाण्यावरून भोक केव्हा बुजले ते सांगता येते, नळ केव्हा सोडला ते नव्हे. खनिजातील किरणोत्सारी मूलद्रव्य हा तो नळ आहे. पोटॅशियम-40 पासून आरगॉन तयार होतो, युरेनियम आणि थोरियमपासून हेलियम. खनिज गरम असेपर्यंत हे वायू स्फटिकातून निसटून जातात, आणि एका विशिष्ट तापमानाखाली आल्यावर अडकून राहू लागतात. या क्लोजर तापमानाची गणिती मांडणी मार्टिन डॉडसन यांनी 1973 मध्ये केली. ते तापमान खनिजागणिक वेगळे असते आणि थंड होण्याच्या वेगानुसार थोडे पुढेमागे होते, परंतु ढोबळमानाने हॉर्नब्लेंडमध्ये आरगॉन सुमारे 500 अंश सेल्सियसच्या खाली टिकू लागतो, मस्कोव्हाइटमध्ये 400 च्या, बायोटाइटमध्ये 300 च्या आसपास. झिरकॉनमध्ये हेलियम 180 अंशांच्या सुमारास आणि ॲपेटाइटमध्ये तो जेमतेम 70 अंशांच्या सुमारास. एकाच दगडातून ही सर्व खनिजे मिळाली तर एकाच दगडाच्या अनेक तारखा मिळतात आणि त्या ओळीने मांडल्या की तापमान आणि काळ यांचा आलेख तयार होतो.

म्हणूनच खनिज आणि पद्धत न सांगता नुसते ‘या डोंगराचे वय इतके’ असे विधान करण्याला माझा ठाम विरोध आहे. वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांतही ते सर्रास आढळते, आणि त्यामुळे खडक जन्मल्याचा काळ, तो थंड झाल्याचा काळ आणि डोंगर उभा राहिल्याचा काळ या तीन निराळ्या गोष्टी वाचकाच्या मनात एक होऊन बसतात.

मंगळवार : पारोडा आणि रिवण

पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर केप्याच्या वाटेवर सपाट शेतांमधून एकाएकी वर आलेला आहे. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. हा डोंगर ग्रॅनाइटी पट्टिताश्माचा (नाइस, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) असून त्याच्या खडकाचे वय सुमारे 265 कोटी वर्षे दिले जाते. देवस्थानाच्या परिसरात हातोडा लावणे योग्य नव्हे, म्हणून नमुना आम्ही पायथ्याजवळच्या, घरबांधणीसाठी तासलेल्या दरडीतून मालकांना विचारून घेतला. मालक वयस्क होते. त्यांनी थोडा वेळ आमचे काम पाहिले आणि विचारले, “बाई, ह्या फातरांत कायतरी मोलाचं मिळतं काय?” सहकाऱ्यांनी त्यांना भिंग दिले, अभ्रकाचा पापुद्रा दाखवला आणि म्हणाले, “काका, मोलाचं म्हणजे ह्यातला हिशेब. वरचा डोंगर किती झिजला त्याचा.” काकांनी पापुद्रा बराच वेळ उन्हात धरून पाहिला. “पावसात दर वर्षी माती खाली येते, ती मी पाहतो,” ते म्हणाले. “ती कोण मोजतो काय?” प्रश्न थेट आमच्या विषयाचा होता, कारण काही लाख किंवा कोटी वर्षांच्या सरासरीवरून काढलेला झिजेचा वेग आणि एका माणसाच्या आयुष्यात दिसणारी झीज यांची सांगड घालणे हे या शास्त्रातले खरोखर अवघड काम आहे.

चंद्रनाथचा डोंगर एकटा आणि लहान आहे; त्याच्या पायथा-माथ्यात साडेतीनशे मीटरच्या आतबाहेरचाच फरक आहे. थंड होण्याच्या वेळेतला फरक दिसण्यासाठी तो पुरेसा नाही. तरीही किनारा आणि घाट यांच्या मधला एक बिंदू म्हणून तो हवा होता.

दुपारनंतर रिवणकडे गेलो. या भागात मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. परवानगी मिळालेल्या एका खड्ड्याच्या काठावर जांभ्याखालचा काळा, जड, हाताला काजळी लावणारा थर उघडा होता. आपल्या विषयाशी त्याचा संबंध काय, असे कोणाला वाटेल. माझ्या मते तो फार जवळचा आहे. खडक कुजत असताना मँगनीजची जी ऑक्साइडे तयार होतात त्यांपैकी क्रिप्टोमेलेनमध्ये पोटॅशियम असते, त्यामुळे त्याचेही वय आरगॉनवरून काढता येते. परंतु हे खनिज जमिनीच्या पृष्ठभागाजवळ, साध्या तापमानालाच तयार झालेले असते. त्याची तारीख थंड होण्याची नसून तयार होण्याची असते. त्या काळी ही जमीन पृष्ठभागाजवळ होती, तिच्यावर पाऊस मुरत होता आणि तेव्हापासून आजवर ती फारशी खरवडली गेलेली नाही, एवढे ती तारीख सांगते. दक्षिण भारतातील अशा खनिजांवर बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून असे दिसले की पश्चिम घाटाच्या पायथ्याची सखल जमीन निदान 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच अस्तित्वात होती. कडा किनाऱ्यापासून हळूहळू मागे सरकत आजच्या जागी पोचला, या जुन्या कल्पनेला यामुळे मोठी मर्यादा पडते. कडा सरकला असेलच तर बहुतेक सरकणे त्याआधी उरकलेले असले पाहिजे.

थंड होण्याचे घड्याळ खालून वर येणाऱ्या खडकाची बातमी देते आणि कुजण्याचे घड्याळ वर येऊन स्थिरावलेल्या जमिनीची. हिमालयात दुसरे घड्याळ फारसे उपयोगी पडत नाही, कारण तिथे जमीन स्थिरावतच नाही. गोव्यात मात्र ही दोन्ही घड्याळे एका तालुक्यात, तासाभराच्या अंतरावर सापडतात. ती एकत्र वाचल्याशिवाय सह्याद्रीविषयी काही निर्णायक बोलू नये, असे मला वाटते.

बुधवार : मोले ते अनमोड

मोल्याच्या पुढचा भाग अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर परवानगीचे पत्र दाखवून आणि रस्त्याच्या कापणीबाहेर कुठेही हात लावायचा नाही ही अट पुन्हा ऐकून आम्ही घाट चढू लागलो. अनमोड घाटातील पट्टिताश्म हा गोव्यातील सर्वांत जुना खडक मानला जातो. रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने त्याचे वय सुमारे 340 कोटी वर्षे आले आहे. वळणावळणांवर रस्त्यासाठी फोडलेल्या दरडींत करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा खडक ताजा मिळतो.

घाटात पायथ्यापासून माथ्यापर्यंत ठरावीक उंचीच्या अंतराने नमुने घ्यायचे होते. यामागचा विचार सरळ आहे. जमिनीखाली जसजसे खोल जावे तसे तापमान वाढते. डोंगर झिजतो तेव्हा माथ्याचा खडक ठरावीक तापमानाची रेषा आधी ओलांडतो आणि पायथ्याचा नंतर, म्हणून माथ्याच्या नमुन्याचे थंड होण्याचे वय जास्त यायला हवे. समजा 500 मीटरच्या चढात वयाचा फरक 2 कोटी वर्षे आला, तर झिजेचा वेग दहा लाख वर्षांना 25 मीटर इतका निघतो, आणि त्यासाठी जमिनीखालचे तापमान किती वेगाने वाढते हे गृहीत धरावे लागत नाही. एकाच नमुन्यावरून खोली काढताना ते धरावे लागते, आणि तिथे मोठा घोटाळा होऊ शकतो. पृष्ठभागाचे तापमान 27 अंश धरले आणि खोलीबरोबर दर किलोमीटरला 25 अंशांची वाढ धरली, तर 110 अंशांची रेषा सुमारे 3.3 किलोमीटर खाली येते. तीच वाढ 15 अंश धरली तर 5.5 किलोमीटर. धारवाडसारख्या प्राचीन भूखंडाखाली उष्णतेचा प्रवाह कमी असतो, त्यामुळे पुस्तकातला सरसकट आकडा इथे लावता येत नाही.

हे 110 अंश फिशन ट्रॅक पद्धतीचे. युरेनियम-238 चा अणू बहुतेक वेळा अल्फा कण (म्हणजे हेलियमचे अणुकेंद्र) टाकून बदलतो, पण सुमारे वीस लाखांत एखाद्या वेळी तो आपोआप दुभंगतो. त्याचे दोन तुकडे परस्परांविरुद्ध दिशेने उडतात आणि स्फटिकात एक सरळ, सूक्ष्म जखम, म्हणजेच फिशन ट्रॅक, करून थांबतात. 1960 च्या दशकाच्या आरंभी प्राइस आणि वॉकर यांनी दाखवले की खनिजावर आम्लाचा सौम्य प्रयोग केला की या जखमा रुंदावतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. ॲपेटाइटसाठी नायट्रिक आम्लात वीसेक सेकंद पुरतात. ताजी जखम सुमारे 16 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांब असते. खडक सुमारे 60 ते 110 अंशांच्या पट्ट्यात असेल तर ती हळूहळू दोन्ही टोकांनी भरून आखूड होत जाते, आणि त्याहून गरम असेल तर भूगर्भीय काळात ती पूर्ण नाहीशी होते. म्हणून जखमांची संख्या वय सांगते आणि लांबी त्या वयाचा अर्थ सांगते. सगळ्या जखमा लांब असतील तर खडक त्या पट्ट्यातून झटकन वर आला. आखूड आणि लांब मिसळलेल्या असतील तर तो तिथे रेंगाळला, किंवा एकदा थंड होऊन पुन्हा गरम झाला. माझ्या दृष्टीने लांबीचे हे मोजमाप वयाच्या आकड्याहून मोलाचे आहे, आणि ज्या अहवालात वय आहे पण लांबी नाही, तो मी अपुरा समजते.

पर्वतरांगांच्या बाबतीत या पद्धतीचे पहिले मोठे यश आल्प्सचे. बर्नमध्ये एमिली येगर यांनी अभ्रकांची वये काढून ती थंड होण्याची वये आहेत हे आग्रहाने मांडले, आणि 1970 च्या दशकात वाग्नर आणि रायमर यांनी तिथल्या ॲपेटाइटची वये उंचीशी ताडून डोंगर वर येण्याचा वेग काढला. पुढे 1980 च्या दशकात पीटर झाइटलर यांनी नंगा पर्वताच्या परिसरात ॲपेटाइटची जी वये काढली, त्यांतील काही दहा लाख वर्षांहूनही कमी होती. ज्या खडकाचा कण इतक्या अलीकडे शंभर अंशांहून गरम होता, तो आज बर्फात उघडा पडला आहे, यावरून तिथल्या झिजेची कल्पना येते. अनमोडचा खडक अशी वये देणार नाही. इथे कोटींत मोजावे लागेल.

आणि त्यातूनच आमच्या भागाची खास अडचण येते. अल्फा कणांमुळे स्फटिकाची सतत थोडी-थोडी मोडतोड होत असते. हिमालयातल्या तरुण कणांत ती नगण्य असते. इथे कोटी कोटी वर्षे ती साठत आलेली आहे, आणि अशा मोडक्या जागी हेलियम अधिक घट्ट अडकतो. ज्या कणात युरेनियम जास्त, त्यात मोडतोड जास्त, म्हणून त्याचे क्लोजर तापमानही वर सरकते. परिणामी एकाच दगडातील दोन कण दोन वेगळी वये देतात. पूर्वी असा विस्कळीतपणा दिसला की निकाल बाद ठरवले जात. शुस्टर, फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 ते 2009 या काळात ही मोडतोड गणितात घेतली आणि त्यानंतर तोच विस्कळीतपणा उपयोगी ठरू लागला, कारण निरनिराळ्या क्लोजर तापमानांचे कण म्हणजे एकाच दगडातली निरनिराळी घड्याळे. मात्र त्यासाठी प्रत्येक नमुन्यातले पुष्कळ कण मोजावे लागतात आणि प्रत्येकाचे युरेनियम, थोरियम व आकार नोंदवावे लागतात. आपल्याकडे एका-दोन कणांवर भागवण्याची जी घाई दिसते, ती अशा जुन्या भूमीत परवडणारी नाही.

माथ्याजवळचा शेवटचा नमुना घेईपर्यंत चार वाजले. परतताना तांबडी सुर्लचे महादेवाचे देऊळ पाहिले. जुन्या करड्या खडकांच्या परिसरात ते काळ्या बेसाल्टचे आहे, आणि दुसऱ्या दिवशीचा विषय बेसाल्टचाच होता.

गुरुवार : चोर्ला आणि म्हादई

वाळपईच्या बाजूने सत्तरीत शिरून चोर्ला घाट चढताना खडक बदलतो. खाली गोव्याचे प्राचीन रूपांतरित गाळखडक आणि वर दख्खनचा बेसाल्ट. सह्याद्रीच्या तापमानाच्या इतिहासात मला याहून महत्त्वाचे स्थळ दुसरे माहीत नाही, आणि त्याचे कारण नीट सांगायला हवे.

दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. लाव्हा जमिनीवरून वाहतो. ज्या जुन्या खडकावर तो पसरला, तो खडक त्या दिवशी पृष्ठभागावर होता, म्हणजे त्याचे तापमान हवेइतकेच होते. अंदाजांनी भरलेल्या आमच्या आलेखात हा एक बिंदू पक्का मिळतो. हेफ्टी किंवा क्यूटीक्यूटी यांसारख्या संगणक-प्रणालींना नुसती वये आणि लांब्या दिल्या तर त्या शेकडो तऱ्हेचे तापमान-इतिहास काढून देतात आणि त्यांतील बरेच भूशास्त्रीय दृष्ट्या अशक्य असतात. त्यांना हा बिंदू आधी सांगावा लागतो.

आता हिशेब पाहा. समजा ती जुनी जमीन आज समुद्रसपाटीपासून 700 मीटर उंच आहे. किनाऱ्यावरचा काणकोणचा दगड त्या काळी तिच्या 700 मीटर खाली होता असे धरले, तर दर किलोमीटरला 25 अंशांच्या वाढीने त्याचे तापमान 45 अंशांच्या आसपास होते. त्यावर एक किलोमीटर जाडीचा लाव्हा पसरला असता तर सावकाश ते 70 अंशांपर्यंत चढले असते. 110 अंशांपर्यंत ते कधीच गेले नसते. अर्थात किनाऱ्यावरच्या ॲपेटाइटचे फिशन ट्रॅक वय 6 कोटी 60 लाख वर्षांहून बरेच जास्त यायला हवे. ते कमी आले, तर दोनच शक्यता उरतात : एक तर किनाऱ्यावरून आपण धरतो त्याहून कितीतरी अधिक खडक झिजून गेला, किंवा भूखंड दुभंगत असताना इथली जमीन आतून बरीच तापलेली होती. दुसरी शक्यता उगाच काढलेली नाही. मादागास्कर सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी भारतापासून अलग झाला आणि सेशेल्स दख्खनच्या लाव्ह्यानंतर लवकरच. या किनाऱ्याने दोनदा फाटणे सोसले आहे. शिवाय किनारा आणि घाट यांच्यामधली जमीन वाकली किंवा खचली असेल, तर उंचीचा हा सरळ हिशेबही बदलतो. यान्नी गनेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील फिशन ट्रॅकची माहिती भूरूपांशी ताडून पाहिली ती याच कारणाने. नुसत्या वयांवरून निघणारी झीज आणि जमिनीवर दिसणारी जुनी पृष्ठे यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासावेच लागते.

बेसाल्टच्या अगदी खालचा दगड आम्ही घेतला, पण जुना खडक आणि बेसाल्ट जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषेपासून बराच खाली उतरून. तप्त लाव्ह्याने लगतचा खडक भाजलेला असतो आणि त्या थोड्या जाडीतल्या घड्याळांवर त्या भाजण्याची वेळ लागलेली असू शकते. एका विद्यार्थिनीने रेषेलगतचाही एक दगड वेगळ्या पिशवीत घेऊ या असे सुचवले. सूचना उत्तम होती : वरचा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे वय देईल आणि खालचा त्याहून जुने, तर भाजण्याची खोली आपोआप कळेल.

उतरताना म्हादईच्या पात्रात थांबलो. पाणी घोट्याएवढे होते. वाळू पसरट घमेल्यात घेऊन पाण्यात गोल फिरवत राहिले की हलकी गारगोटी काठावरून निघून जाते आणि तळाशी काळी रेघ उरते. तिच्यात मॅग्नेटाइट, इल्मेनाइट आणि त्यांच्याबरोबर झिरकॉन असतो. ॲपेटाइट त्या मानाने हलके, म्हणून घमेले अगदी संथ फिरवावे लागते. घाटावरच्या सगळ्या ओढ्यांनी आणलेले कण या एका मुठीत असतात. एकेका दरडीचा दगड आपल्याला एका बिंदूची बातमी देतो, नदीची वाळू सगळ्या खोऱ्याची.

शुक्रवार : फोंडा

दिवसभर नोंदी, कोरडे करणे आणि पहिले फोडणे. दगड जबड्याच्या यंत्रात फोडून, चाळून, पाण्याच्या हलत्या टेबलावरून धुऊन, चुंबकाने लोहयुक्त कण काढून आणि शेवटी जड द्रवात बुडवून ॲपेटाइट वेगळे होते. गारगोटीची घनता 2.65, ॲपेटाइटची 3.2 आणि झिरकॉनची 4.6 असल्यामुळे योग्य घनतेच्या द्रवात एक तरंगते आणि दुसरे बुडते. दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र पूर्ण साफ करावे लागते. अनमोडचा एक कण काणकोणच्या पिशवीत गेला तर पुढचे सारे व्यर्थ आहे.

यंत्र चालू असताना विद्यार्थिनींनी आधीच्या कामातील वेगळे केलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हेलियमसाठी निवडायचा कण सहा बाजूंच्या छोट्या कांडीसारखा, पारदर्शक आणि भेगेविना असावा, त्याची रुंदी 60 मायक्रॉनहून कमी नसावी. अल्फा कण स्फटिकात सुमारे 20 मायक्रॉन धावतो, त्यामुळे काठाजवळ तयार झालेला काही हेलियम बाहेरच पडतो आणि कण जितका लहान तितकी ही घट मोठी. आत झिरकॉनचा एखादा सूक्ष्म तुकडा अडकला असेल तर तो कण बाजूला काढायचा, कारण त्यातून आलेला हेलियम ॲपेटाइटच्या नावावर मोजला जातो. मेक्सिकोतील दुरांगोच्या ॲपेटाइटचे कणही प्रत्येक फेरीत सोबत मोजतात; त्याचे वय 3 कोटी 14 लाख वर्षांच्या आसपास पक्के ठाऊक असल्यामुळे यंत्र बरोबर चालले आहे की नाही ते कळते.

सहकाऱ्यांनी संध्याकाळी समुद्राचा मुद्दा काढला, आणि तो इथे नोंदवणे आवश्यक आहे. सह्याद्री आणि हिमालय या दोघांचाही झिजलेला माल अरबी समुद्रात पोचतो. 2015 मध्ये जॉइडस रिझोल्यूशन या जहाजाने लक्ष्मी खोऱ्यात सागरतळ 1,100 मीटरहून खोल खणला. त्या मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक, धनंजय पांडे, आमच्या वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे होते. त्या गाळात सिंधू नदीने आणलेले हिमालयाचे कण आहेत. कण खोलीत थंड झाला ती वेळ आणि तो समुद्रतळावर साचला ती वेळ यांतले अंतर जितके कमी, तितका त्या काळी त्याचा डोंगर वेगाने झिजत होता. ज्या पर्वताचा तो थर आता शिल्लक नाही, त्याचाही वेग असा मिळतो. म्हादईच्या वाळूवर आज जे करायचे, तेच समुद्राच्या जुन्या थरांवर केले तर सह्याद्रीच्या झिजेचा काळानुरूप आलेख काढता येईल, आणि ते काम गोव्यातूनच व्हावे असे मला मनापासून वाटते.

मोजमाप खर्चिक असते, सर्व नमुने एकदम पाठवता येत नाहीत, तेव्हा क्रम ठरवावा लागला. चोर्ल्याच्या हिशेबाप्रमाणे किनाऱ्यावरचा दगड 45 ते 70 अंशांच्या दरम्यान राहिला असेल, तर त्या पट्ट्यात बोलणारे घड्याळ ॲपेटाइटमधील हेलियमचे आहे. फिशन ट्रॅक तिथे लांबीतून बोलतील, वयातून कमी. म्हणून पहिल्या फेरीत काणकोणच्या ग्रॅनाइटचे आणि बेसाल्टखालच्या दगडाचे हेलियम, प्रत्येकी जितके चांगले कण मिळतील तितक्यांवर, आणि याच दोन नमुन्यांच्या ट्रॅकच्या लांब्या. अनमोडची उंचीनुसार मालिका दुसऱ्या फेरीत. रिवणचे मँगनीज आरगॉनसाठी स्वतंत्रपणे. बेसाल्टला लागून घेतलेला दगड, ज्या विद्यार्थिनीने तो सुचवला, तिच्या प्रबंधासाठी राखून ठेवला आहे.